कमरेवरची सही

सासूबाईंकडे प्रत्येक गोष्टीला घरचा शब्द होता. मोबाइलला त्या ‘चिकट्या’ म्हणत, कारण एकदा हाताला लागला की सुटत नाही. लेकाच्या वाढत्या पोटाला ‘बढती’ म्हणत. आणि बाळंतपणानंतर सुनेच्या पोटावर ज्या लालसर-जांभळ्या रेघा उमटल्या, त्यांना त्यांनी ‘सही’ म्हटलं.

“पाहुणा जाताना वहीत सही करून जातो की नाही, तसंच आहे हे,” सुनेची पाठ पुसून देताना त्या म्हणाल्या. “बाळाने सही ठोकली आहे. आता म्हणता येणार नाही त्याला, की मी इथे राहिलोच नव्हतो.”

सुनेला हसू आलं, आणि हसताना टाके दुखले. पण शब्द मनात बसला तो बसलाच. बसणारच, ती बँकेत होती आणि सह्या तपासणं हे तिचं पोटापाण्याचं काम होतं. चेकवरची सही आणि संगणकाच्या पडद्यावरची नमुन्याची सही शेजारी शेजारी ठेवायची. शेपटी कुठे वळली, हात कुठे अडखळला, दाब कुठे कमी पडला ते बघायचं आणि मगच चेक पुढे सोडायचा. वर्षानुवर्षं हेच केल्यावर घरी आल्याबरोबर नजर काही खुंटीला टांगून ठेवता येत नाही. दूधवाला दारात उभा राहिला की त्याच्या चेहऱ्यावरून ती दुधात पाणी किती ते सांगे. नवऱ्याने तिचं नावच ‘चौकशी खिडकी’ ठेवलं होतं. “खिडकी लाव ग जरा, वारा फार येतो,” असं तो म्हणाला की समजावं, बाईसाहेबांचे प्रश्न फार झाले.

घरात चौथं माणूस होतं मुंगी. धाकटी नणंद. लहानपणी एका जागी ठरायची नाही आणि हरवली की साखरेच्या डब्यापाशी सापडायची, म्हणून मुंगी. वर्षभर दुसऱ्या गावी राहून तिने सौंदर्याचा कोर्स केला होता आणि बाळाच्या जन्माच्या तोंडावर घरी परतली होती. दुपारी ती एका पार्लरमध्ये कामाला जायची. सकाळ मात्र सगळी बाळाची. बाळाला आंघोळ तिने घालायची, बाळाची नखं तिने कापायची, बाळाच्या ढेकरेचं श्रेयही तिनेच घ्यायचं.

“माझं बाळ आहे ते,” ती सांगायची. “तुम्ही दोघं नुसते जन्म देऊन मोकळे झालात.”

वहिनीची रजा आता संपत आली होती. ती कामावर गेली की सकाळी बाळ मुंगीकडे राहणार, हे कुणी ठरवलं नव्हतं आणि कुणाला ठरवावंही लागलं नव्हतं.

एका संध्याकाळी मुंगी पार्लरमधून आली ती ओढणीत काहीतरी लपवून. वहिनी बाळाला पाजत बसली होती. मुंगीने तिच्यासमोर एक पांढरी डबी ठेवली.

“काय हे?”

“तुझ्या सह्या पुसायचं औषध. आमच्या मॅडम घरी बनवतात. सगळं झाडपाल्याचं. बायका वेड्यासारख्या नेतात. मी त्यांना म्हटलं, माझ्या वहिनीला हवंच.”

वहिनीने डबी हातात घेऊन फिरवली. “लेबल कुठे आहे?”

“घरचं आहे म्हटलं ना! घरच्या लोणच्याला लेबल असतं का?”

“लोणच्यात काय आहे ते वासावरून कळतं. ह्याला वासच नाही.”

“उघडली! खिडकी उघडली!” मुंगीने कपाळावर हात मारला. “अग, मी स्वतः लावते. कोर्सला गेल्यापासून लावते. मॅडमच शिकवायला यायच्या तिथे. काखेत, मानेला, कमरेला इलॅस्टिकने काळा पट्टा पडतो ना, तिथे. आठ दिवसांत असा उजळ! तू लाव तर.”

इतक्या मायेने आणलेली वस्तू परत कशी करायची? वहिनीने “लावते ग बाई” म्हटलं आणि डबी कपाटात ठेवली. पण मनात पाल चुकचुकली ती चुकचुकलीच. दुसऱ्या दिवशी बाळाला खांद्यावर टाकून ती फिरत फिरत मुद्दाम पार्लरवर गेली. मुंगी आत कुणाच्या तरी भुवया कोरत होती. बाहेर भिंतीवर मोठं चित्र होतं: डावीकडे रेघारेघांचं पोट, खाली ‘आधी’, उजवीकडे लोण्यासारखं पोट, खाली ‘नंतर’. वहिनी त्या चित्रासमोर चेक तपासावा तशी उभी राहिली. आधीचं पोट, नंतरचं पोट. आधीची बेंबी आडवी होती, मिटलेल्या डोळ्यासारखी. नंतरची गोल, खोल, बटणाच्या काजासारखी.

“बेंबीसुद्धा बदलते का हो तुमच्या क्रीमने?” तिने काउंटरवरच्या मॅडमना विचारलं.

मॅडम गोड हसल्या. “त्वचा घट्ट झाली की आकार बदलतो, मॅडम.”

“आणि बेंबीशेजारचा तीळ कुठे गेला?”

“तोही निघतो,” मॅडम म्हणाल्या. हसू जरा कमी झालं होतं.

घरी आल्यावर वहिनीने ठरवलं, डबीला हात लावायचा नाही. आपलं पोट कसंही राहो. दूध पिताना बाळाचा हात त्याच पोटावर फिरतो आणि तोच हात तोंडात जातो. लाल रेघांच्या जागी सायीसारखं पोट कुणाला नको असतं? आंघोळीच्या वेळी आरशासमोरून जाताना तिला अजून दचकायला व्हायचं. पण बिननावाची वस्तू बाळाच्या वाटेत नको. मुंगीने विचारलं, “लावतेस ना?” की ती “हो तर” म्हणे, आणि मुंगीचं मन राहावं म्हणून डबीतलं थोडं थोडं टिशूला पुसून कमी करत राही. थापेबाजी ती, पण प्रेमातली.

इथवर सगळं ठीक होतं. डबीवरचा संशय बरोबर होता. तो तिथेच थांबता तर पुढचं रामायण झालं नसतं.

एका सकाळी मुंगी बाळाला टबमध्ये आंघोळ घालत होती. वहिनी टॉवेल घेऊन दारात आली. मुंगी पुढे वाकली, बाळाने पाण्यात पाय मारला, मुंगीचा भिजलेला कुडता पाठीमागून वर सरकला. आणि वहिनीला तिची कमर दिसली.

कमरेला वळसा घालून, बाजूने पोटाकडे उतरत गेलेल्या जांभळ्या रेघा. रुंद, चकचकीत, आत दबलेल्या. वहिनीच्या पोटावर होत्या तशाच. तशाच कसल्या, अधिक ठळक.

“टॉवेल दे ना, बघतेस काय,” मुंगी न वळता म्हणाली.

वहिनीने टॉवेल दिला. बाळाला कोरडं केलं, पावडर लावली, कपडे चढवले. हात सगळं करत होते. डोळ्यांसमोर मात्र दोन सह्या शेजारी शेजारी होत्या, आणि त्या जुळत होत्या.

सही आहे म्हणजे सही करणारा असणार. एवढं साधं गणित.

त्या दिवसापासून खिडकी उघडली ती कुणाला मिटवेना, तिलाही नाही. वर्षभर बाहेरगावी. सुट्टीतही आली नव्हती. “परीक्षा आहे” म्हणाली होती. परतली तेव्हा सैल सैल कपडे. बाळाला पहिल्यांदा उचललं तेव्हा मानेखाली हात कसा सरकवायचा ते तिला कुणाला शिकवावं लागलं नव्हतं. उलट बाळाच्या बापाला तिनेच शिकवलं होतं. वहिनीला बाळाला पहिल्यांदा पाजताना बघून ती ढसाढसा रडली होती. तेव्हा सगळे हसले होते: बघा, आत्याबाईंना पान्हा फुटला! आता त्या हसण्याचाच वहिनीला काटा यायचा. आणि येता-जाता ते ‘माझं बाळ, माझं बाळ’.

एकेक कागद फाइलला लागत गेला आणि फाइल फुगत गेली.

ती कुणाशीच बोलली नाही. बोलणार तरी काय? नवऱ्याला सांगितलं तर तो एका वाक्यात विचारून मोकळा होईल. पोटात काही राहत नाही त्याच्या, बढती सोडून. सासूबाईंना सांगणं म्हणजे पेटती काडी गवतात टाकणं. ज्या घरात मुंगी दिवसभर गुणगुणत, ठेचकाळत, खात फिरते, त्या घरात एक शब्द तोंडातून निघाला की ती परकी होईल. खरं असो की खोटं. शब्द मागे घेता येत नाही. तो चेक नव्हे, की परत पाठवला.

पण गप्प बसूनही काही हलकं होईना. एके दुपारी मुंगी कामाला गेलेली असताना तिच्या मनात एक विचार आला आणि तिचं तिलाच किळसवाणं वाटलं: जिने स्वतःचं कुठेतरी ठेवून दिलं, तिच्या हातात आपलं बाळ द्यायचं? विचार झटकला. तो माशीसारखा फिरून येऊन बसला. तिने नवऱ्याला सहज विचारल्यासारखं विचारलं, “बाळाला पाळणाघरात ठेवलं तर?”

“का? मुंगी आहे की!”

“तिलाही तिचं आयुष्य आहे.”

“तिला विचारलंस? ती तुला चावेल. मुंगीच आहे ती.”

मग एक दिवस राहवेना. सासूबाई बाजारात गेल्या होत्या. मुंगी आतून कपड्यांच्या घड्या घालत बाहेर आली. वहिनी घसा खाकरून म्हणाली, “मुंगी, एक विचारू? खरं सांगशील?”

“विचार की.”

“तुझं बाळ कुठे आहे?”

मुंगीने घडी खाली ठेवली, डावीकडे-उजवीकडे पाहिलं आणि एकदम धावत आत गेली. पाळण्यातून बाळ उचलून घेऊन आली. “हे काय, आहे की! अग, केवढी घाबरले मी. अशी काय विचारतेस, पडलं-बिडलं की काय वाटलं मला!” आणि बाळाच्या पोटात नाक खुपसून म्हणाली, “आई वेडी आहे तुझी. वे-डी.”

बाळ खिदळलं. वहिनीला ना हसता आलं, ना पुढचं विचारता आलं. असं सोंग कुणाला वठवता येतं का? आणि येत असेल तर? मुरलेला माणूस असाच सही करतो, हात न अडखळता. ती आणखीच गोंधळात पडली.

दोन-तीन दिवसांनी मुंगी स्वतःच स्वयंपाकघरात तिच्या कानाशी आली. “वहिनी, उद्या माझ्याबरोबर डॉक्टरकडे येतेस?”

“काय झालं?”

“तिथेच दाखवते. आग होते ग. आईला मात्र सांगू नकोस हं. तिला झोप लागणार नाही.”

घ्या! आता आणखी काय पुरावा हवा?

दवाखान्याची इमारत जुनी, जिना अरुंद. खाली पाट्या होत्या: पहिल्या मजल्यावर स्त्रीरोगतज्ज्ञ, दुसऱ्यावर त्वचारोगतज्ज्ञ. वहिनी बाळाला घेऊन मागे, मुंगी पुढे. पहिल्या मजल्यावर मुंगी थांबली. त्या दारासमोर. आत भिंतीवर गुबगुबीत बाळांची चित्रं दिसत होती. वहिनी एक पायरी खालीच थांबली. मुंगीने कठड्याला हात टेकला, चपलेत गेलेला खडा झटकला आणि म्हणाली, “दे इकडे बाळ, दमली असशील.” आणि बाळाला काखोटीला मारून वर चढू लागली.

दुसऱ्या मजल्यावर.

त्वचेच्या डॉक्टर मध्यमवयीन होत्या, चष्मा डोक्यावर ढकललेला, बोलणं तुटक. त्यांनी मुंगीला पडद्याआड नेलं, दिव्याखाली पाहिलं, काखा पाहिल्या, कमर पाहिली, बोटाने कातडी दाबून पाहिली. बाहेर येऊन हात धुताना त्यांनी नेहमीचा प्रश्न विचारला, पाणी पिता का, इतक्या सहजपणे.

“प्रेग्नन्सी? डिलिव्हरी, अबॉर्शन, काही?”

मुंगी कुडता खाली ओढत होती, ती तशीच राहिली. तिचा चेहरा आधी लाल झाला, मग पांढरा. तिने वहिनीकडे पाहिलं.

“नाही,” वहिनी म्हणाली.

ते ‘नाही’ कुठून आलं ते तिला शेवटपर्यंत कळलं नाही. फाइल तर सगळी ‘हो’ म्हणत होती. पण मुंगी ज्या नजरेने तिच्याकडे बघत होती, त्या नजरेपुढे दुसरा शब्द उभाच राहू शकत नव्हता. खरं काहीही निघालं असतं, तरी त्या क्षणी ती ‘नाही’च म्हणाली असती.

“त्यांना बोलू द्या,” डॉक्टर म्हणाल्या.

“नाही. कधीच नाही,” मुंगी म्हणाली.

“बरं. विचारावं लागतं.” डॉक्टरांनी चष्मा नाकावर घेतला. “मग आता सांगा, काय चोपडताय? काखेत आणि कमरेला?”

मुंगीने पर्समधून पांढरी डबी काढली.

डॉक्टरांनी ती उघडली, बघितली, वास घेतला आणि अशी बाजूला ठेवली की जणू शेजारणीने नको असताना पाठवलेलं पक्वान्न. “पहिल्या आठवड्यात फरक पडला असेल. छान उजळ?”

“हो!”

“सोडलं की खाज, लाली, आग? परत लावलं की बरं वाटतं?”

“तुम्हाला कसं…”

“रोज तीन-चार जणी येतात, म्हणून कळतं. हिच्यात स्टेरॉइड असणार, तेही जोरदार. तपासल्याशिवाय शपथ घेणार नाही, पण तुमची कातडीच सांगते आहे. स्टेरॉइड वाईट नसतं. आम्हीही देतो, थोडे दिवस, ठरावीक जागी. पण हे तुम्ही महिनोन् महिने काखेत, कमरेला, घाम येतो, घासतं अशा जागी लावलं. कातडी आतून विरत जाते. विरलेली कातडी नुसत्या वाकण्या-उठण्यानेही फाटते आणि त्याच ह्या रेघा. स्ट्रेच मार्क्स. लोकांना वाटतं पोट वाढल्यावरच येतात. वयात येताना येतात, व्यायामशाळेतल्या पैलवानांना येतात, आणि असल्या डब्यांनी तर हमखास येतात.”

“म्हणजे रेघा घालवायच्या डबीने रेघा आल्या?” मुंगी म्हणाली. “मॅडम म्हणाल्या होत्या झाडपाला आहे!”

“झाडपाला गुण द्यायला इतकी घाई करत नाही.”

वहिनी खुर्चीत बसली होती. मांडीवर बाळ तिच्या अंगठीशी खेळत होतं. तिला आतून जोराचा चटका बसला. खोटी सही! सह्या तपासून तपासून डोळे फुटले, आणि समोर आलेली खोटी सही तिने खरी धरली. तीही कुणाच्या कमरेवरची? डबीवर संशय घेतला तेव्हा खिडकी कशी बरोबर उघडली होती. मग डबी सोडून तो संशय माणसावर गेला कसा? मुंगीने तर पहिल्याच दिवशी सांगितलं होतं: कमरेला लावते. ऐकलं होतं. ऐकूनही तो कागद फाइलला लागला नव्हता.

“जातील का?” मुंगीने विचारलं. डोळ्यांत पाणी तरारलं होतं.

“पूर्ण जातील असं सांगणारा भेटला की समजा, अजून एक डबी विकायला आला आहे. आता लाल आहेत, हळूहळू पांढऱ्या पडतील, मग फारशा दिसणार नाहीत. ताज्या आहेत तोवर लावायची मलमं आहेत, नंतर लेझर आहे, बारीक सुयांची ट्रीटमेंट आहे. त्यांनी फिक्या होतात, कातडी थोडी भरते. पुसून मात्र जात नाहीत. ते सगळं पुढे बघू. आधी ही डबी बंद आणि कातडी शांत करायची.” मग त्यांनी वहिनीकडे मोर्चा वळवला. “तुम्ही लावलीत का?”

“नाही.” मुंगीने चमकून पाहिलं. वहिनीने खाली मान घातली. “बाळ अंगावर पितं, म्हणून.”

“शहाण्या आहात. तुमच्या बाळंतपणाच्या रेघांचंही तसंच. बाळ पितंय तोवर जोरदार मलमं नकोत. साधं मॉइश्चरायझर लावा, खाज थांबेल. तेल लावून रेघा जात नाहीत, पण मालीश बरी वाटते, तर लावा की. बाळाने दूध सोडल्यावर काही करावंसं वाटलं तर या, नाही वाटलं तर नका येऊ.”

शहाण्या आहात! वहिनीला वाटलं, जमीन दुभंगावी आणि डॉक्टरांसकट आपण आत जावं.

परतताना बाळ मुंगीच्या खांद्यावर झोपलं. मग मुंगी म्हणाली, “मी उद्यापासून तिथे जाणार नाही. आणि जाण्याआधी सगळ्या गिऱ्हाइकांना सांगणार. मॅडमच्या तोंडावर.”

“मी येते बरोबर.”

“तू तर त्या दिवशी बेंबीवरून भांडून आलीस म्हणे.” मुंगी जराशी हसली. मग हसू विझलं. “वहिनी, डॉक्टरांनी विचारल्यावर तू माझ्याआधी का बोललीस?”

वहिनी मुंगीच्या खांद्यावरच्या बाळाचा मोजा उगाच सारखा करू लागली. बँकेत असं होतं कधी कधी. गिऱ्हाईक समोर उभं असतं, सही खरी असते आणि आपण उगाच अडवून ठेवलेली असते.

मुंगी चालता चालता थांबली. “तुला वाटलं होतं,” ती हळूच म्हणाली. “तुला वाटलं होतं मला मूल झालंय.”

“मुंगी…”

“बाळाला घे.”

तिने झोपलेलं बाळ वहिनीच्या हातात दिलं आणि पुढे झपाझप निघून गेली.

घरी सासूबाई दारातच उभ्या होत्या. मुंगीचा चेहरा बघून त्यांनी वहिनीकडे पाहिलं. “कुठे गेला होतात दोघी? खरं सांगा. मला काही दिसत नाही असं समजू नका. कपडे बदलताना मी पाहिलंय हिला. केव्हाच पाहिलंय.”

मुंगी चप्पल काढत होती. ती वाकलेलीच राहिली.

“झोप नाही मला,” सासूबाईंनी पदराने तोंड पुसलं. “किती वेळा मनात आलं, विचारावं. जीभ रेटेना. मग म्हटलं, जाऊ दे. झालं असेल काही, फसली असेल पोर. मी आपलं मनाशी ठरवून टाकलं की जिथे कुठे ठेवलं असेल तिथून आपण ते घेऊन यायचं. एक मूल वाढतंय घरात, दुसरंही वाढेल. लोक काय, चार दिवस बोलतील. म्हणून मी तो जुना पाळणासुद्धा माळ्यावरून…”

त्या बोलता बोलता थांबल्या, कारण मुंगी हसत होती. नाही, रडत होती. दोन्ही एकदम.

“आई ग!” ती म्हणाली. “तूही? क्रीम होतं ग ते! क्रीम!”

मग सगळं सांगणं झालं, डबीपासून डॉक्टरांपर्यंत. सासूबाईंनी दोनदा ऐकून घेतलं. तिसऱ्यांदा त्या कपाटाकडे गेल्या, वहिनीची डबी काढली, झाकण घट्ट लावलं आणि वर्तमानपत्रात अशी गुंडाळली की जणू विंचू आहे. “उद्या मीही येणार तिथे. त्या बाईला माझा एक शब्द ऐकवायचाय.” तो शब्द कुठला ते त्यांनी सांगितलं नाही, बाळासमोर सांगण्यासारखा नसावा.

वहिनी मात्र बाळाला घेऊन खाटेच्या कडेवर बसून राहिली. दोघींना एकच शंका आली होती. एकीला वाटलं, हिच्या हातात आपलं मूल कसं द्यायचं. आणि दुसरीने, हिचं मूल आपल्या घरी कसं आणायचं ते ठरवून टाकलं. जिची सासू म्हणून थोडी धास्तीच वाटायची, ती बाई माळ्यावर चढून पाळणा पुसत होती. आणि आपण? पाळणाघराची चौकशी करत होतो.

नवरा कामावरून आला. घरातली हवा बघून म्हणाला, “काय झालं? कुणाला काय वाटलं?”

“तुला काय वाटलं होतं?” मुंगीने फाडकन विचारलं.

“मला? मला भूक लागली आहे असं वाटलं होतं.”

त्यावर कुणीतरी हसलं असतं, पण त्या संध्याकाळी कुणी हसलं नाही. मुंगी जेवली, पण वहिनीशी बोलली नाही. बाळाने हात पुढे केले, तेव्हा बाळाशी बोलली. वहिनीने दोनदा “ऐक ना” म्हटलं. दोन्ही वेळा मुंगीने भांडी विसळायला घेतली. एकदा तर धुतलेलीच.

शेवटी वहिनी तिच्या खोलीत गेली. मुंगी आरशासमोर उभी होती, हातात डॉक्टरांनी दिलेली नवी ट्यूब. लेबल असलेली, कंपनीचं नाव, तारीख, सगळं असलेली. कमरेमागे हात पोचत नव्हता. ती वाकडी होऊन धडपडत होती.

वहिनी दारात उभी राहिली. “मला माफ कर म्हणायला आले नाही,” ती म्हणाली. “तेवढ्याने भागायचं नाही, ते मलाही कळतं. सोमवारी मी कामावर जाते आहे. बाळ तुझ्याकडे ठेवायचं आहे. तू ठेवून घेतलंस तर. नाही म्हणालीस तर मी रजा वाढवीन, पण दुसऱ्या कुणाकडे देणार नाही.”

मुंगी आरशातून तिच्याकडे बघत राहिली. चेहऱ्यावर राग होता, आणि तो लगेच जाणार नाही हेही दिसत होतं. मग तिने ट्यूब मागे न बघता पुढे केली. वहिनीने ती घेतली.

मुंगीने तिच्याकडे पाठ फिरवली आणि कुडता वर उचलून धरला.

वहिनीने बोटावर मलम घेतलं. रेघांवर अलगद, बाळाच्या कातडीला लावावं तसं, टेकवलं.

“हात गार आहेत तुझे,” मुंगी म्हणाली.

“थांब, चोळून ऊब आणते.”

“राहू दे. लाव तसंच.”